पैठणीचा चुणीदार घागरा घरी शिवताना: कंबरेला जाडी किती येऊ द्यावी?

गोदाकाठची
घरच्या लग्नासाठी पैठणीचा घागरा घरीच शिवायचा आहे. चुण्या मशीनवर पाडून घ्यायच्या नाहीत, एकेक हाताने घालायची आहे. साडी येवल्याची. पदर बाजूला काढल्यावर साडेचार मीटर कापड उरतं. पन्हा (कापडाची रुंदी) ४६ इंच, दोन्ही काठ चार-चार इंचांचे, बुट्टी दर चार इंचांवर. ब्लाउजपीस वेगळा आहे. मापं: कंबर ३०, सीट (नितंबावरचा घेर) ३८, उंची पट्टा धरून ४०. मशीन पायाचं, साधं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. साडेचार मीटर सगळं कंबरेत बसवायचं का? चुण्या टिकण्यासाठी काय करावं? आणि जरीला इस्त्री लावायची की नाही?

पंचवटीकर
पैठणी कापणार?? आधी घरातल्या मोठ्यांना विचारलंय ना? :)

इंचपट्टी
कात्री नंतर, आधी कागद-पेन्सिल घ्या.

साडेचार मीटर म्हणजे १७७ इंच. कंबर ३० अधिक १ इंच सैल, पट्टा ३१. १७७ भागिले ३१ म्हणजे जवळजवळ पावणेसहा. याचा सरळ अर्थ असा की कंबरेवर बोट ठेवाल तिथे सरासरी पावणेसहा थर कापड असेल. एक इंच दिसणाऱ्या ३१ चुण्या घातल्या तर प्रत्येकीला ५.७ इंच कापड लागतं. त्यातलं ४.७ इंच आत जातं, म्हणजे घडीची खोली सव्वादोन इंचांच्या थोडी वर. घड्या एकमेकींवर चढतात आणि कुठे पाच, कुठे सात थर होतात. त्यावर अस्तर, कॅनव्हास (पट्टा ताठ ठेवणारं कापड) आणि पट्ट्याचं दुहेरी कापड. साधं मशीन तिथे अडखळतं, टीप वाकडी जाते, आणि घालणारी व्यक्ती कंबरेला टायर बांधल्यासारखी दिसते.

नियमाची चुणी तिप्पट कापडाची असते. एक इंच दिसतो, दोन इंच आत. सगळीकडे बरोबर तीन थर. त्याला ९३ इंच पुरतात, पण मग घेर जेमतेम २.३५ मीटर. पैठणीला तो कमी वाटतो.

मधला मार्ग चौपट. ३१ गुणिले ४ म्हणजे १२४ इंच, सव्वातीन मीटरच्या आत. घडी दीड इंच खोल, थर कुठे तीन, कुठे पाच. पैठणीच्या जाडीला यापुढे जाऊ नये असं माझं मत. उरलेलं सव्वा मीटर बाह्यांना, योकला (कंबरेखालची बिनचुण्यांची पट्टी), पोटलीला जाईल.

सिडकोवाली
इंचपट्टी, गणित पटलं, पण पुढचं लिहायचं राहिलं. गोदाकाठची, तुमची बुट्टी चार इंचांवर आहे आणि चौपट चुणीलाही चारच इंच लागतात! म्हणजे प्रत्येक चुणीवर बुट्टी त्याच जागी येणार. दिसणाऱ्या इंचाच्या मधोमध बुट्टी धरा, रांग सरळ दिसेल. फक्त बुट्ट्या एकाआड एक सरकलेल्या नाहीत ना ते बघा. तशा असतील तर एका ओळीची बुट्टी दिसेल आणि मधल्या ओळीची घडीत जाईल. वाईट दिसत नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

अर्धाशटल
त्यात एक मेख आहे. हातमागावर बुट्टीचं अंतर टेपने मोजून चार इंच येत नाही. कुठे एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त, कुठे दोन सूत कमी. टेप लावून चार-चार इंचांवर खुणा करत गेलात तर विसाव्या चुणीपर्यंत बुट्टी अर्धी आत गेलेली असेल. खूण बुट्टीवरून करा. बुट्टीच्या मध्यापासून दोन्हीकडे अर्धा इंच हा दिसणारा भाग. मधल्या कापडात जी काय कमी-जास्ती असेल ती घडीत मुरवा. दिसणारा इंच कधीही बदलायचा नाही, लपणारा भाग बदलला तर कुणाला कळत नाही.

खडू नको. मेणाचा तर नकोच, इस्त्रीखाली तेलकट डाग उमटतो. वरच्या मार्जिनमध्ये (शिवणीसाठी सोडलेल्या जादा कापडात) लहानशी खाच आणि खाली काठापाशी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक सैल टाका. वरची खूण आणि काठावरची खूण दोन्ही हव्यात. फक्त वर खुणा केल्या की चुणी खाली तिरकी उतरते आणि काठाची रेघ नागमोडी दिसते.

गोदाकाठची
बुट्ट्या सरळ रांगेत आहेत, सरकलेल्या नाहीत. वरचा काठ कापावाच लागेल ना? न कापता काही करता येईल का? (पंचवटीकर, विचारलंय. म्हणूनच हा प्रश्न आलाय.)

टाकाटिपा
न कापताही होतं. परकराला वाढत्या उंचीसाठी आडवी प्लेट घालतात, तीच युक्ती. पट्टा दोन इंचांचा धरला तर घागऱ्याला खाली ३८ इंच आणि मार्जिन अर्धा इंच लागतं. ४६ मधून साडेसात इंच जास्त. काठाच्या वर आठ-दहा इंचांवर आतल्या बाजूला दोन प्लेटा घाला. एक प्लेट पावणेदोन इंच खोल, दुसरी दोन इंच, मिळून साडेसात इंच खपतात. हातानेच धावदोरा, टाका पाव इंचाचा. पुढे उसवलं की साडी पूर्ववत, सुईची छिद्रं पाण्याच्या हलक्या वाफेने बरीचशी बुजतात.

इंचपट्टी
टाकाटिपा, खालचं जमेल हो, पण वरचा जरीचा काठ चुण्यांत येतो त्याचं काय? पाच थर जरीचे. कंबरेला टोचेल ते वेगळंच. शिवाय न कापता म्हणजे लांबीही न कापता, मग परत पावणेसहा पटीवर आलो.

टाकाटिपा
मग सपाट चुण्या सोडा, उभ्या चुण्या घाला. जाड कापडासाठी जुनी पद्धत आहे. वरच्या कडेपासून अर्ध्या इंचावर एक, त्याखाली अर्ध्या इंचावर दुसरी आणि तिसरी, अशा हाताच्या धावदोऱ्याच्या तीन ओळी. टाका अर्धा इंच वर, अर्धा इंच खाली, तिन्ही ओळींत एकाखाली एक अगदी सरळ. दोरा दुहेरी आणि दणकट. ओढलं की कापड उभ्या नळ्यांत उभं राहतं. प्रत्येक नळीचं टोक पट्ट्याला दोन-दोन टाके घालून हातानेच शिवायचं, मशीन लावायचं नाही. पट्ट्यात कापड दाबलं जात नाही, त्यामुळे सहापटही बसतं. जरीला घडी पडत नाही हा मोठा फायदा. तोटा एवढाच की कंबरेपासून घागरा लगेच अर्धा इंच फुगतो. बारीक बांध्याला शोभतो, सगळ्यांना नाही.

मिसळभक्त
मी फक्त वाचायला आलो होतो. भागाकार, सूत, मार्जिन... दहावीला एवढं गणित नव्हतं.

हातशिलाई
कापायची की नाही हे ठरवण्याआधी साडी खरंच हातमागाची आहे का ते उलटी करून पाहा. हातमागाच्या पैठणीत पदराची आणि काठाची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, कारण रंगाचा दोरा जागच्या जागी वळवून गुंतवलेला असतो. यंत्रमागावरच्या साडीत मागे लोंबते किंवा कापलेले दोरे दिसतात. २०१० पासून पैठण-येवल्याच्या पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. साडीवर सिल्क मार्क असेल तर रेशीम अस्सल आहे एवढंच कळतं, माग कोणता ते त्यावरून कळत नाही.

याचा शिवणाशी संबंध आहे, म्हणून लिहिलं. मागे लोंबते दोरे असतील तर चालताना जोडवी त्यात अडकते आणि एका पावलात बुट्टी ओढली जाते. तसं असेल तर अस्तर काठापर्यंत खाली आणावं लागतं. आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर उलट-सुलटचा घोळ होतो. सगळ्या कापडाच्या उलट बाजूला ठिकठिकाणी पांढऱ्या दोऱ्याचा एकेक टाका घालून ठेवा.

जरीही तपासा. पदराच्या टोकाचा एक दोरा काढून जाळा. प्लास्टिकची जर आक्रसून गोळी होते. तारेची असेल तर आतला दोरा जळतो आणि तार उरते. इस्त्रीचा निर्णय यावर आहे.

गोदाकाठची
मागची बाजू जवळजवळ सारखीच आहे. दोरा जाळून पाहिला, तार उरली. कापायची परवानगीही मिळाली, वरचा काठ पोलक्याच्या बाह्यांना लावायच्या अटीवर.

अर्धाशटल
मग चौपट आणि सपाट चुण्याच घाला. क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा अस्तर. कॅम्ब्रिक (सुती कापड) घेतलं तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. ते आटतं, रेशीम तेवढं आटत नाही, आणि मग घागरा आतून ओढल्यासारखा लटकतो. अस्तराला चुण्या घालू नका, सहा कळ्यांचं (वर अरुंद, खाली रुंद तुकड्यांचं) कापा. कंबरेला ३१, खाली ९० इंच घेर, अडीच मीटरच्या आसपास कापड. उंचीला घागऱ्यापेक्षा दीड इंच कमी. नाशिकच्या मेन रोडला पट्ट्याचा कॅनव्हास घ्याल तेव्हा अस्तरही तिथेच रंग जुळवून बघा, रेशीम खिडकीच्या उजेडात धरून. ट्यूबलाइटखाली राणी रंग आणि वांगी रंग यांत फरक कळत नाही.

मग घागऱ्याचं कापड. खालचा काठ आहे तसाच ठेवायचा, ती विणलेली किनार आहे, तिला दुमडायचं नाही. उंचीची सगळी काटछाट वरून. पण ती अगदी शेवटी. वरचा काठ कापताना दीड इंच जास्तीचं ठेवा.

जोड एकच येईल. तो डाव्या बाजूला, चुणीच्या आतल्या घडीत. तिथेच वर आठ इंच उघडं ठेवून चेन.

चुण्या घालून झाल्या की कच्च्या शिवणीच्या तीन ओळी: एक टिपेच्या रेषेच्या वर पाव इंच, दुसरी तीन इंच खाली, तिसरी सीटवर आठ इंच खाली. कच्ची शिवण रेशमाच्या किंवा बारीक सुती दोऱ्याने. पॉलिस्टरचा दोरा ओढून काढताना रेशमाला कापतो आणि इस्त्रीखाली त्याचा वळ उमटतो. टाचण्या फक्त मार्जिनमध्ये.

सिडकोवाली
काका, सीटचं राहिलं. कंबरेला ३१ आणि सीटवर सैल धरून ४० लागतात. चुण्या तिसऱ्या ओळीपर्यंत सरळ खाली आणल्या तर सीटवर नऊ इंच कमी पडतील.

अर्धाशटल
बरोबर. नऊ इंच ३१ चुण्यांत वाटायचे, म्हणजे चुणीमागे सव्वादोन सूत. सीटवर दिसणारा भाग एक इंच सव्वादोन सूत, वर निमुळता होत कंबरेला एक इंच. आतली घडी सीटवर पावणेअकरा सूत, कंबरेला बारा सूत. कार्डबोर्डची एक पट्टी तशीच निमुळती कापून घ्या आणि प्रत्येक चुणी तिच्यावरच घाला. डोळ्याच्या अंदाजाने एकतिसाव्या चुणीपर्यंत कुणाचाही अंदाज टिकत नाही. सीटच्या खाली मग सरळ.

चुण्या फक्त पट्ट्यातच धरायच्या असतील आणि खाली मोकळ्या सोडायच्या असतील तर हे लागत नाही, सीट त्यांना आपोआप उघडते. पण उघडलेल्या चुणीची रेघ तुटते. फोटोत ते दिसतं.

रेघारेघा
चुण्या टिकण्याबद्दल. रेशमात घडी कायमची बसत नाही. पॉलिस्टर उष्णतेने मऊ होऊन थंड होताना घडीचा आकार धरतं, म्हणून तयार चुण्यांची कापडं पॉलिस्टरची असतात. रेशीम हवेतला ओलावा ओढतं, नेहमीच्या हवेत वजनाच्या सुमारे ११ टक्के. पावसाळ्यातल्या नाशकात सकाळी पाडलेली घडी संध्याकाळपर्यंत ढिली पडते. थंडीत बरी राहते. त्यामुळे इस्त्रीच्या जोरावर चुण्या टिकवायचा नाद सोडा, शिवून टिकवा.

शिवून म्हणजे असं. प्रत्येक चुणीच्या आतल्या घडीच्या कडेला, उलट बाजूने, घडीपासून अर्ध्या सुतावर बारीक टीप, वरपासून काठाच्या दोन इंच वरपर्यंत. सुलट बाजूला काहीच दिसत नाही, कारण टीप फक्त घडीच्या दोन थरांतून जाते. एवढ्याने आतली घडी मोडत नाही, आणि आतली धारदार राहिली की बाहेरची तिच्या मागोमाग पडते. ३१ चुण्या गुणिले ३४ इंच, म्हणजे सत्तावीस मीटरच्या आसपास टीप! वेळ ठेवा. सुई ११ नंबरची, नवी. टाका दोन ते अडीच मिलिमीटर. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल, पायाचा दाब कमी. कापड दाताखाली ओढलं जात असेल तर खाली पतंगाच्या कागदाची पट्टी धरा, नंतर फाडून काढा.

टाकाटिपा
व्हिनेगरच्या पाण्याने घडी चांगली बसते. एक भाग व्हिनेगर, नऊ भाग पाणी, मलमलचा फडका बुडवून घट्ट पिळायचा आणि त्यावरून इस्त्री.

रेघारेघा
साध्या रेशमावर चालेल, तेही तुकड्यावर रंग तपासून. जरीवर नको. तारेत तांबं असेल तर आंबटाने खराब होऊ शकते. पैठणीच्या बुट्टीतही जर आहे, त्यामुळे या कापडावर व्हिनेगर नकोच असं मी म्हणेन.

हातशिलाई
सहमत. इस्त्री सिल्कच्या खुणेवर, उलट बाजूने, कोरड्या मलमलवरून. घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. वाफेच्या इस्त्रीतून थेंब पडतात आणि त्यांचे गोल डाग रेशमावर राहतात, म्हणून वाफ बंदच. हवाच तर फडका किंचित दमट घ्या. प्रत्येक चुणीखाली खाकी कागदाची पट्टी सरकवा, नाहीतर खालच्या घडीचा वळ वरच्या कापडावर उठतो. वर्तमानपत्र नको, शाई लागते. इस्त्री उचलली की लगेच त्या जागी लाकडी पाट दाबून धरा, कापड थंड होईपर्यंत. घडी दाबाखाली थंड होताना बसते, नुसत्या तापण्याने नाही.

काठावर इस्त्री न्यायचीच नाही. जर धारेवर मोडते आणि मोडलेली तार पुन्हा सरळ होत नाही. काठाच्या दोन इंच वर थांबा, काठात चुणी गोलसर पडू द्या. भरजरी काठावर धारदार घडी तशीही चांगली दिसत नाही.

पंचवटीकर
आणि चुण्यांचं तोंड कुठल्या बाजूला? गोदावरीच्या प्रवाहाच्या दिशेने?

सिडकोवाली
हसू नका, प्रश्न बरोबर आहे. एकाच दिशेने घातल्या तर चेन डावीकडे असताना घडीचं तोंड मागे वळलेलं हवं, म्हणजे चेन घडीखाली लपते. दुसरा प्रकार: पुढे मध्यावर एक समोरासमोरची चुणी आणि तिथून दोन्ही बाजूंना मागे वळत जाणाऱ्या. पोट सपाट दिसतं. पण मग ३१ चा आकडा नीट वाटावा लागतो, मध्यावर एक आणि दोन्हीकडे पंधरा-पंधरा. मागे मध्यावर शेवटच्या दोघी समोरासमोर येतात. डावीकडे चेन कुठल्या चुणीखाली येते ते आधी कागदाच्या पट्टीवर घडी घालून बघा.

मिसळभक्त
अवांतर: लग्नाच्या सकाळी वऱ्हाडाला मिसळ असेल तर काय? तर्रीचा थेंब पडलाच समजा.

हातशिलाई
पाणी लावू नका, चोळू नका. कागदी रुमालाने वरचेवर टिपा, टाल्कम पावडरचा जाड थर टाकून काही तास ठेवा, मऊ ब्रशने झटका. तेल निघतं, हळदीचा पिवळा राहतो. तो ड्रायक्लीनवाल्याकडे, आणि डाग कशाचा ते सांगून. खरा उपाय म्हणजे मिसळ आधी आणि घागरा नंतर.

इंचपट्टी
पट्ट्याबद्दल कुणी बोललं नाही. कॅनव्हास दोन इंच, वरून पैठणी, आतून सुती. आतून रेशीम लावलं तर घामाने डाग पडतो आणि घागरा घसरतो. चुण्यांचं मार्जिन पायरीपायरीने कापा: अस्तराचं दोन सूत, चुण्यांच्या आतल्या थरांचं तीन सूत, बाहेरच्या थराचं अर्धा इंच. सगळे थर एकाच ठिकाणी संपले की पट्ट्याखाली दोरीसारखी गाठ उठते. या टिपेसाठी सुई १४ नंबरची आणि पायाऐवजी चाक हाताने फिरवा, विशेषतः पाच थरांवर.

हुकाबरोबर आत नाडीही ठेवा. रेशीम, अस्तर, जर मिळून वजन बरंच होतं आणि दिवसभरात नुसता हुक पट्टा खाली ओढू देतो.

टाकाटिपा
नाडीचा मुद्दा मान्य, पण चेनवाल्या पट्ट्यात नाडी चुरगळलेली दिसते. दोन मोठे हुक आणि आत एक बटण पुरतं.

इंचपट्टी
जेवणाआधी पुरतं. :)

गोदाकाठची
सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय: १२४ इंच अधिक जोडाचे दोन, चौपट चुण्या ३१, पुढे मध्यावर समोरासमोर, सीटपर्यंत निमुळत्या, आतल्या घडीला टीप, इस्त्री काठाच्या दोन इंच वर थांबवायची. योक घालत नाही. वरची काटछाट चुण्या पडल्यावर लगेच करू का पट्टा लावायच्या वेळी?

अर्धाशटल
मधे एक गोष्ट करा. चुण्या पाडून, कच्च्या शिवणीसकट, वरून एका रुंद टेपवर टाचून घागरा एक रात्र टांगून ठेवा. साडीचा ताणा (लांबीचे धागे) घागऱ्यात आडवा येतो आणि सगळं वजन बाण्यावर (रुंदीच्या धाग्यांवर) पडतं, त्यामुळे कापड कुठे थोडं खाली उतरतं, कुठे नाही. दुसऱ्या दिवशी घालणारीला उभं करून, लग्नात घालायच्या चपलांसकट, काठ जमिनीपासून सारख्या उंचीवर आणा आणि कंबरेची रेघ तिच्या अंगावर दोऱ्याने आखा. बहुतेक वेळा मागे कंबर पुढच्यापेक्षा तीन-चार सूत खाली येते. त्या रेघेच्या वर अर्धा इंच मार्जिन ठेवून कापा. सरळ पट्टीने कापलं तर काठ मागे जमिनीला टेकतो.

आणि कापण्याआधी त्या रेघेवर मशीनची एक साधी टीप मारून घ्या, अस्तर न धरता. पैठणीचे दोरे कापल्याबरोबर सुटतात.

गोदाकाठची
बाह्यांना वरचा काठ चार इंच पुरेल का? बाही दहा इंचांची आहे.

सिडकोवाली
पुरेल. काठ कापताना वर बुट्टीच्या कापडाचा एक इंच बरोबर ठेवा, जोड त्या साध्या भागात येऊ द्या. जरीतून टीप गेली की दंडावर टोचते. दंडाचा घेर अधिक दोन इंच, दोन बाह्यांना मिळून पाऊण मीटर काठ लागेल, तुमच्याकडे साडेचार मीटर आहे. राहिलेला पोलक्याच्या पाठीला लावा.